दिनकरमास्तर पाळक झाले तो रविवार

आमच्या चर्चचे पाळकसाहेब बदलून गेले. नवे येईपर्यंत मंडळीतल्याच दिनकरमास्तरांनी काम पाहावं, असं ठरलं. मास्तरांनी पाळकपदाची दीक्षा घेतलेली होती, पण हयात गेली शाळेत शिकवण्यात. रविवारी त्यांना हार घातला, सगळ्यांनी कौतुकाने "सलाम, पाळकसाहेब" म्हटलं. वर्षानुवर्षं माझ्या पुढच्या बाकावर बसणारा माणूस आज आमच्याकडे तोंड करून उभा होता आणि मला मान वर करवत नव्हती.

महिन्यापूर्वी कमिटीत मास्तरांचं नाव निघालं तेव्हा मीच म्हणाले होते, "ज्यांची मुलगी घर सोडून गेली, ते मंडळी काय सांभाळणार?" मास्तर तेव्हा दारातच उभे होते. ऐकून तसेच माघारी वळले.

बाहेरून आलेल्या पाळकाला आपली फक्त रविवारची तोंडं माहीत असतात. आपल्यातल्याच माणसाला आपण इतर दिवशी काय बोललो तेही ठाऊक असतं. त्याच्यापुढे गुडघे टेकणं किती अवघड, हे मला त्या दिवशी कळलं. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायला सगळे उठून पुढे गेले. मी बसूनच राहिले.

उपासना संपल्यावर मास्तर झगा सावरत माझ्यापाशी आले. "ताई, तुम्ही पुढे आला नाहीत?"

माफी अगदी ओठांवर आली होती. "गुडघे धरलेत हो," मी म्हणाले.

"मग सांगायचं नाही का! पुढच्या वेळी भाकर आणि प्याला मी तुमच्या बाकापाशी घेऊन येतो."

मास्तर काळजीने पाहत राहिले, म्हणून मी फाटकापर्यंत लंगडत गेले.