एसटीमागे धावणाऱ्या सासूबाई

माझ्या सासूबाई धावायच्या. म्हणजे घरात धावपळ करायच्या असं नाही, खरोखरच्या धावायच्या, पहाटे, लुगड्याचा काचा मारून, पायात रबरी चपला आणि हातात भरलेली पिशवी घेऊन. पिशवी कशाला ते सांगते, पण आधी माझं ऐका. मी लग्न होऊन पनवेलजवळच्या गावात आले तेव्हा एकोणीस वर्षांची, नववी अर्धी सोडलेली, आणि मला कुत्र्याची भीती, ट्रकची भीती, सासऱ्यांची तर इतकी की ते नुसते खोकले तरी माझ्या हातातलं भांडं पडायचं. अशा मुलीला धावणारी सासू मिळाली.

झालं असं की माझा मुलगा वर्षाचा झाला आणि त्यांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. घरी येऊन मला म्हणतात, "तासभर? मंग भाकऱ्या कोन थापंल, त्याची बायको? धावलं तर अर्ध्या तासात होईल." आमच्याकडून पनवेलच्या खानावळीत तांदळाच्या भाकऱ्या जायच्या, सगळ्या त्यांच्या हातच्या. त्यामुळे ते बरोबरच होतं. पण खरं कारण दुसरं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीचा पाय शुगरनं गेला होता, घोट्यापासून कापला, आणि ती बिचारी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत असायची. तिला भेटून आल्या की सासूबाई त्या दिवशी जेवायच्या नाहीत. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "पोरी, मना काय बी होऊ दे. पन जाईन तवा माझे दोनी पाय माझ्याबरोबर यायला पायजेत." मी घाबरून हो म्हटलं, जसं काही ते माझ्याच हातात होतं.

आता पिशवी. गावात बाई धावताना दिसली की लोक विचारतात, आग कुठं लागली? आणि सासऱ्यांना कळलं असतं की आपली बायको या वयात रस्त्यानं धावते, तर सगळं तिथंच बंद. म्हणून पिशवी. सासूबाई म्हणायच्या, "हातात पिशवी असली का बाई एसटीला धावते. कोन काय इचारत नाय." रिकामी पिशवी लोंबकळली तर संशय येईल म्हणून तिच्यात माझ्या मुलाची छोटी उशी कोंबायच्या. मुलगा झोपेतच शेजारच्या ताराबाईंच्या मांडीवर द्यायचा. ताराबाई त्यांच्या जुन्या मैत्रीण, कटात सामील. सासऱ्यांना सांगायचं की सुनेला देवळात नेते, तिला सगळ्याची भीती वाटते ना. म्हणजे माझी भीतीसुद्धा बाईंनी कामाला लावली.

तेव्हा शेजारच्या करंजाड्यात रस्ते आधी झाले होते आणि बिल्डिंगी अजून यायच्या होत्या. मोठे गुळगुळीत रस्ते, दिव्याचे खांब, आणि माणूस एक नाही. त्या रस्त्यांवर त्या पुढे आणि मी मागे. लहानपणी मिठागरात डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून पळायच्या म्हणे, त्यामुळे धावतानाही मान अशी ताठ की डोक्यावर तांब्या ठेवला तर हलणार नाही. माझा जीव घशात आलेला, आणि त्या मागे न बघता ओरडायच्या, "म्हशीसारखी काय फुसफुसतेस गो?" कुत्रं आलं की मी त्यांच्या लुगड्याला लटकायची. "सोड! लुगडं सुटलं तर कुत्र्याच्या आधी मीच पळंन."

एक दिवस आम्ही परत येताना उरणच्या रस्त्याला लागलो आणि मागून एसटी आली. कंडक्टरनं बघितलं, दोन बायका, हातात पिशवी, जीव तोडून धावतायत. त्यानं टणाटण घंटी मारून गाडी थांबवली. दार उघडून म्हणतो, "या मावशी या! तुमच्यासाठी थांबवली. धावू नका, पडाल!" आता त्या भल्या माणसाला काय सांगणार? आतली सगळी गाडी आमच्याकडं बघतेय. सासूबाई चढल्या. त्यांच्या मागं मी चढले. आणि समोरच्या सीटवर सासरे.

ते उरणला कोणाच्या तरी साखरपुड्याला निघाले होते, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. म्हणाले, "तुमी दोघी? इकडं कुठं?"

सासूबाईंनी डोळ्याची पापणी हलवली नाही. "तुमच्याच मागं धावतोय कवापासून! हाका मारून मारून घसा सुकला."

"कशाला?"

सासूबाईंनी पिशवीत हात घातला आणि माझ्या मुलाची उशी बाहेर काढली. पिवळी, त्यावर बदकं. "गाडीत तुमाला डुलकी लागते ना. मंग मान आखडते, मंग रातभर मनाच तेल लावायला लागतं."

गाडीत असं हसू उसळलं की ड्रायव्हरनं मान वळवून बघितलं. सासऱ्यांचे कान लाल. पण उशी त्यांनी घेतली. आम्ही पुढच्या थांब्यावर उतरलो आणि खरंच धावत सुटलो, कारण भाकऱ्या व्हायच्या होत्या. संध्याकाळी सासरे उशी काखेत मारून आले आणि ओट्यावर बसलेल्यांना सांगत होते, "बायको असावी तर अशी. मानेसाठी एसटीमागं धावली." त्यानंतर ते कुठंही निघाले की ती बदकांची उशी बरोबर. मुलाला मला नवी शिवावी लागली.

पण हसणं फार दिवस टिकलं नाही. रबरी चपलेचा पट्टा उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला घासला आणि फोड आला. सासूबाईंनी हळद दाबली आणि मला मुलाची शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही. पाय सुजला तेव्हा मीच हट्ट करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे आतून सडायला लागलंय, मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर बोट कापावं लागेल, आणि पुढं कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. घरी आल्या आणि पिठाच्या परातीसमोर नुसत्या बसून राहिल्या. तव्यावरची भाकरी जळून काळी झाली तरी त्यांना वास आला नाही. म्हणाल्या, "त्यांना नको सांगूस. मी बगते काय ते." पण काय बघणार होत्या?

मी सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले. याआधी त्यांच्याशी मी "चहा आणू का" यापलीकडं बोलले नव्हते. आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं, शुगर, धावणं, देऊळ खोटं, फोड, डॉक्टर, बोट, मध्ये कुठं श्वास घेतला असेल तर आठवत नाही.

त्यांनी बाजूची बदकांची उशी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "म्हंजे ती उशी..."

"माझ्या मुलाची होती, बाबा."

"म्हंजे माझ्या मानेसाठी नवतीच?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांचा चेहरा असा पडला की मला त्या वेळीही हसू येईल की काय अशी भीती वाटली. मग त्यांनी टोपी घातली. "चल, रिक्षा बोलाव."

पुढं कितीतरी दिवस इंजेक्शनं आणि मलमपट्टी चालली. रोज पट्टी सोडताना सासरे चष्मा लावून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "काल परीस बरं हाय." कधी कधी नसायचंही. पण बोट राहिलं. ज्या दिवशी पट्टी कायमची सुटली, त्या दिवशी ते पनवेलच्या बाजारातून शाळेच्या पोरांचे पांढरे बूट घेऊन आले, कारण सासूबाईंच्या मापाचे तेवढेच मिळत होते. बूट त्यांच्यासमोर टाकून म्हणाले, "धावायचं तर उजेडात धाव. आनि पिशवी नको. लोक म्हनतील, याची बायको रोज एसटी चुकवते."

त्यानंतर कितीतरी वर्षं त्या काचा आणि बूट घालून उघड धावल्या. करंजाड्यात बिल्डिंगी उभ्या राहिल्या, तिथल्या पॅन्टवाल्या बायका "गुड मॉर्निंग आजी" म्हणायच्या आणि सासूबाई "हाव हाव" म्हणत त्यांच्या पुढं निघून जायच्या.

त्या गेल्या एका दुपारी, झोपेत. हार्ट. अंगण भरलं. ताराबाईंनी गळा काढला, "एवढी कसली गो घाई तुला, आमाला मागं टाकून धावलीस!" आणि मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबून मी हलत होते, बायका पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, रड पोरी, रड.

नवऱ्याआधी बाई गेली की आमच्याकडं तिला नवा चुडा भरतात, पायात नवी जोडवी घालतात. ती सासरे स्वतः सोनाराकडून घेऊन आले होते. घालायला मी बसले. डाव्या पायात लगेच गेलं. उजव्या पायाचं बोट मात्र त्या फोडापासून वाकडं राहिलं होतं, जोडवं अडकलं. मी बोटाला तेल लावलं आणि हळूहळू फिरवत राहिले.

सासरे दारात पाठ करून उभे होते. मागं न बघता विचारलं, "गेलं का गो?"

"गेलं, बाबा," मी म्हटलं. "दोन्ही पायांत."