पुठ्ठ्यावरचे खण

माझा धाकटा भाऊ सेहेचाळिसाव्या वर्षी शिकाऊ झाला. तो काम करायचा ते चपलांचं दुकान बंद पडलं, तेव्हा मीच त्याला आमच्या छापखान्यात आणलं. वीस वर्षं मी तिथे मुद्रितं तपासत होते. शिशाचा एकेक खिळा हातानं जुळवून छापणारा आमच्यासारखा खुळा छापखाना दुसरा उरला नव्हता.

"हात बसला की नोकरी कायम," मालक त्याला म्हणाले. मी शेजारीच उभी होते. छापखाना तीन महिन्यांत मोडीत काढायचा आहे, तोवर उरलेली कामं संपवायला एक माणूस हवा, हे त्यांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तोंडाला कुलूप घातलं. म्हटलं, बुडत्याला काडीचा आधार.

पहिल्या दिवशी त्यानं एका शिंप्याचं कार्ड जुळवलं. खिळे डोकं खाली करून लावायचे असतात, यानं सरळ लावले. छापून आलं तर शिंप्याचं नाव शेवटाकडून सुरू! म्हातारे जुळारीकाका म्हणाले, "या शिंप्याकडे कपडे टाकू नका रे, बाह्या पायांना लावेल!" सगळे हसले. भाऊ कानापर्यंत लाल झाला.

घरी जाऊन त्यानं मोठ्या पुठ्ठ्यावर खिळ्यांच्या पेटीतले, दर अक्षराला एक असे, सगळे खण आखले आणि बायकोच्या डब्यातली बटणं खिळे म्हणून त्यांत मांडली. रोज संध्याकाळी मी समोर बसायची. तो न बोलता एकेका खणाला बोट लावायचा, मी शब्द ओळखायची. बोट 'चहा' म्हणालं, की मी स्वयंपाकघराकडे बघून ओरडायची आणि भावजय आतून म्हणायची, "दोघं मुके झालात का?" इतका खूश तो मला लग्नातही दिसला नव्हता.

दुसऱ्या महिन्यात त्याला एका गोदामावर राखणदाराची कायम नोकरी सांगून आली.

"आता हातात कसब आलंय, ताई. राखण कशाला करू?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी नुसती मान हलवली. त्या मानेची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या महिन्यात काकांनी त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. त्यानं चार ओळी जुळवल्या. मी मुद्रित तपासलं, एकही चूक नव्हती. मला रडू आलं. त्याला वाटलं, आनंदानं.

पुढच्या आठवड्यात भंगाराचा टेम्पो आला. माणसं खणांच्या पेट्या एकापाठोपाठ एक पोत्यात उलट्या करायला लागली. भाऊ धावत आला.

"अहो, मिसळू नका! वेगवेगळे आहेत ते!"

"वितळल्यावर सगळं एकच, साहेब," भंगारवाला म्हणाला.

मालक गडबडले. "ताईंना मी आधीच सांगितलं होतं," एवढं बोलून केबिनमध्ये गेले.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. तो पुठ्ठ्यासमोर बसला होता. बटणं त्यानं परत डब्यात टाकली होती. मी समोर बसले. त्याचं बोट सावकाश एकेका खणावर गेलं. क. धी. पा. सू. न.

"तू लागलास, त्याच्या आदल्या दिवसापासून," मी म्हणाले.

त्याचं बोट कोऱ्या खिळ्यांच्या खणावर गेलं. एक शब्द संपला, की दुसऱ्याच्या आधी तिथे जायचं असतं. मी पुढच्या शब्दाची वाट बघत बसले. बोट तिथून हललं नाही.