मामांचं वाऱ्याला गाऱ्हाणं

माझ्या मामांचं वाऱ्याशी वैर होतं, आणि ते त्यांनी इतक्या प्रेमाने जपलं होतं की वाऱ्यालासुद्धा त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, शिरताना संकोच वाटत असावा. मालवणच्या बंदरावर वादळाचा बावटा लागल्याची नुसती कुणकुण आली की मामा पंचा खोचून सुंभाची वेटोळी बाहेर काढत आणि दिसेल ते बांधत सुटत. वाशांना दगड, पडवीला झावळ्यांच्या झडीचा आडोसा, विहिरीचा रहाट फणसाला. एकदा तर त्यांनी पोस्टमनची सायकलच माडाला आवळली. "सरकारची वस्तू आसा, उडान गेली तर जबाब कोण देतलो?" ती गाठ पुढे खुद्द मामांनाही सुटेना, आणि बिचाऱ्या पोस्टमनने उरलेलं टपाल पायी वाटलं. रेडिओवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "रेडिओवाल्याक वारो लागता खंय?" असं म्हणून ते बातम्या सुरू असतानाच रेडिओ गोणपाटात गुंडाळून ठेवत.

बांधाबांध आटोपली की गाऱ्हाणं. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही रीतच आहे. मामांनी मात्र मधला देव वगळला होता. ते खळ्यात उभे राहून थेट वाऱ्यालाच हात जोडत. "बा वाऱ्या म्हाराजा! माज्या घराचे नळे राख, गोठ्यातली पाडी राख, कोंबयो राख!" नळे म्हणजे छपरावरची कौलं. आम्ही घसा ताणून ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" मग पापडांचा डबा, माळ्यावरचं भात, शेजाऱ्याचा बोकासुद्धा त्यात येऊन जाई. मामी दारातून विचारायची, "अवो, ह्या सगळ्यात माजा नाव खंय आसा?"

"तू खंय उडतलंस गो?" मामा तिच्या ऐसपैस देहाकडे बघून म्हणत. आम्ही हसायचो, मामीही हसायची. पण विचारायचं तिने कधी सोडलं नाही.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर मामी कणकवलीला बहिणीकडे गेली होती. ती परत यायच्याच दिवशी बावटा लागला. बघता बघता माड जमिनीशी लगट करू लागले, आणि वाटेत झाडं आडवी पडून एसट्या अडकल्याची बातमी आली. मी धावत मामांकडे गेलो तर सुंभ तसंच पडलेलं, पाडी मोकळी, कोंबड्या घरभर, आणि मामांचा पत्ता नाही.

सापडले ते एसटीच्या तिठ्यावर. छत्रीच्या नुसत्या काड्या उरलेल्या, अंगावरून पाण्याच्या धारा, आणि हात जोडून तारस्वरात चाललेलं, "बा वाऱ्या म्हाराजा! नळे घेवन जा, कोंबयो घेवन जा, घर व्हया तर घर घेवन जा! पण माजी बायल तेवढी राख रे म्हाराजा!"

व्हय म्हणायला मी तोंड उघडलं, तोच मागून गर्जना झाली, "व्हय म्हाराजा!" एसटी येऊन उभी राहिली होती. गाऱ्हाणं कानावर पडताच सवयीने अख्खी एसटी ओरडली होती, त्यात कंडक्टरचा आवाज सगळ्यांत वर. पाठोपाठ मामी उतरली. भिजायच्या आतच तिचा चेहरा लाल झाला होता.

"इतको उशीर?" मामा तिच्यावर खेकसले. "थंय घराचे नळे उडतत!"

खरंच उडाले. अर्धे खाडीत गेले. पण मामी शाकारणीभर गुणगुणत होती. पुढे तिने कधी नावाचा विषय काढलाच तर मामा म्हणत, "एकदा घेतलंय तर अर्धे नळे गेले. परत परवडूचा नाय." आणि मामी एखाद्या नव्या नवरीसारखी आत पळायची.

आता मामा नाहीत. घरावर कौलांच्या जागी स्लॅब आलाय, उडून जाण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. तरी वारा उठला की मामी खळ्यात येऊन उभी राहते. गाऱ्हाणं घालायला तिला येत नाही. ती थोडा वेळ नुसती ऐकत राहते, आणि मग तिठ्याकडे बघून हळूच म्हणते, "व्हय म्हाराजा."