पाय ओढला का?

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. त्यांचा भाचा अविनाश बोलत होता. "मावशी, आत्या गेली..." एवढंच म्हणाला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा मेथी निवडायला बसले. माणूस जाण्याच्या वयाचं झालं की बातमीचा धक्का बसत नाही असं म्हणतात. साफ खोटं आहे. थोड्या वेळाने पाहिलं तर काड्या पातेल्यात पडल्या होत्या आणि पानं कचऱ्यात.

त्याच्या थोडेच दिवस आधी मी जबलपूरच्या विजय नगरला त्यांच्याकडे जाऊन आले होते. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत होते. शेजारच्या पलंगावर अविनाशची तान्ही नात झोपली होती. गप्पा मारता मारता ताई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "शकू, जरा पाहा बरं. पाय ओढते का?" मी उठून पोरीच्या तळव्याला बोट लावलं. तिने पाय आखडून घेतला, डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. अविनाशची सून स्वयंपाकघरातून धावत आली. "आत्या, आत्ता कुठे डोळा लागला होता तिचा!" ती बिचारी रडकुंडीला आली होती. ताई मात्र उशीवर निवांत टेकल्या. "रडू दे गं. रडून राहिली म्हणजे चांगली आहे." घरात सगळे याला म्हातारपणाचा चाळा समजत. चाळा म्हातारपणीचा नव्हता. तो कुठून आला हे माहीत असलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून हे लिहिते आहे.

जबलपूरच्या एका कारखान्यात, जिथे फौजेसाठी माल तयार होत असे, तिथल्या कामगार बायकांच्या मुलांसाठी एक पाळणाघर होतं. बाया त्याला झूलाघर म्हणत. कुसुमताई तिथल्या मुख्य बाई होत्या. नागपूरहून बालशिक्षणाचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या होत्या आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. मी नुकती मॅट्रिक होऊन त्यांच्या हाताखाली लागले. मला वाटलं होतं, शी-शू काढायची, दूध पाजायचं, झोके द्यायचे, त्यात शिकण्यासारखं काय असणार? पहिल्याच दिवशी मी एका बाळाला पाठीमागून उचललं तर त्या माझ्यावर कडाडल्या. "तुला कोणी असं मागून उचललं तर चालेल काय? आधी समोर ये, सांग त्याला." पाच महिन्यांच्या जिवाला काय सांगायचं? पण त्या सांगत. "आता मी तुझा पाय उचलून राहिली बरं का," असं म्हणून, बाळाने त्यांच्याकडे पाहिल्यावरच त्या लंगोट बदलत. रांगणाऱ्या मुलांना स्वतःच्या हाताने खिचडी खाऊ देत, मग ती भिंतीला लागो की केसांना. आमच्याकडे बुंदेली, बंगाली, तामिळ, पंजाबी अशा सगळ्या घरांची मुलं होती, पण पडल्यावर सगळी "आई गं" म्हणूनच रडत. एक सरदारीण बाई तर भांडायलाच आली होती. "हमारा बच्चा घर में भी आई-आई करता है, दीदी!" ताई हसून म्हणाल्या, "चलो, मराठी में रोता है, पंजाबी में खाता है, क्या बिगड़ा?"

त्यांचा सगळ्यात कडक नियम दारावरचा होता. सकाळी मूल हातात घेतल्यावर त्या आधी त्याला खिडकीपाशी नेऊन डोळे पाहत. कामावर जाणाऱ्या बाया मुलांना अफू चाटवत, ते हे दिवस होते. बोटाच्या टोकावर तिळाएवढी घ्यायची आणि टाळूला लावायची, की पोर दुपारपर्यंत गप्प. यात कुणाला पाप वाटत नसे. सासवाच सुनांना शिकवत. आमच्या चांगल्या म्हणवणाऱ्या मराठी घरांतूनही आज्या गुटीत उगाळून देत, फक्त तिचं नाव घेत नसत. अफू दिलेल्या मुलाच्या डोळ्याची बाहुली मोहरीएवढी होते. तशी दिसली की मुलाला दारातूनच परत पाठवायचं आणि आईचं नाव वर कळवायचं, असा हुकूम होता. नाव गेलं की त्या बाईला झूलाघर बंद, आणि झूलाघर बंद म्हणजे तिची नोकरीही गेलीच.

रामकली अशीच एकदा सापडली. तिचा नवरा फौजेत ट्रक चालवत होता, घरात म्हातारी सासू आणि पदरात सात-आठ महिन्यांची मुन्नी. ताईंनी डोळे पाहिले आणि तिला आत खोलीत नेलं. रामकली पायाशीच बसली. "दीदी, रात भर रोती है, मशीन पे हमको झपकी आती है. हाथ कट जाएगा तो?" ताईंनी तिच्याकडून पुन्हा न चाटवण्याची नर्मदामाईची शपथ घेतली, मुन्नीला दिवसभर मांडीवर घेऊन जागं ठेवलं, आणि नाव काही कळवलं नाही. मी विचारलं, "ताई, नियम?" तर म्हणाल्या, "नियम काहून आहे? पोरगी जगावी म्हणून ना? मायची नोकरी गेल्यावर ती काय खाईल?" तेव्हा मला हे पटलं होतं.

मग एकाहत्तरचा हिवाळा आला आणि लढाई सुरू झाली. कारखाना दिवसरात्र चालू लागला. बायांच्या पाळ्या लांबल्या, मध्ये दूध पाजायला यायची सुट्टी नावापुरती उरली. ब्लॅकआउटसाठी आमच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवून टाकला. दिवसाही आत एक मिणमिणता दिवा, आणि त्यात दुप्पट मुलं. दारातला नियम चालूच होता, पण त्या अंधारात बाहुली मोहरीएवढी की वाटाण्याएवढी, हे देवालाही दिसलं नसतं. ताई डोळे पाहत, सवयीने पाहत, आणि मूल आत घेत.

त्या दिवशी मुन्नी आली ती झोपलेलीच. चार मुलं एकदम रडत होती, खिचडी लागली होती, एक मदतनीस आली नव्हती. मी पाळण्यापाशी जाऊन म्हटलं, "ताई, मुन्नी अजून उठली नाही." त्या दुसऱ्या मुलाला थोपटत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "झोपू दे गं. तेवढीच हातांना सुट्टी." ... दुपारी त्यांनी तिला उचललं तेव्हा ओठ निळे पडले होते. त्यांनी तिच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या, चिमटे काढले, पाणी मारलं. पाय हलला नाही. जीपमधून दवाखान्यात नेलं, पण तोपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टरांनी थंडीचं कारण लिहिलं. आमच्यावरच्या साहेबांनी विचारलं, मूल गारठेपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? रामकली भिंतीला लागून उभी होती, पदर तोंडात कोंबून. तिने वर पाहिलं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईंनी माझं मनगट दाबलं. त्यांची नखं रुतली. "मी वेळेवर पाहिलं नाही. चूक माझी आहे," असं त्या स्वच्छ हिंदीत म्हणाल्या. त्यांचं मुख्य बाईंचं पद गेलं, ते पुन्हा कधी मिळालं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या बायांचे हुकूम ऐकत राहिल्या.

लोक याला मोठं मन म्हणतील. मला राग येतो, आजही येतो. खरं कारण बाहेर आलं असतं तर बाकीच्या बायांना धाक बसला असता. एका आईला वाचवताना बाकीच्या लेकरांचा विचार कुणी करायचा? मी हे त्यांना तोंडावर बोलले. दुसऱ्या दिवशी आल्या त्या चाकू घेऊन, आणि एका खिडकीवरचा तळहाताएवढा कागद खरवडून काढला. ब्लॅकआउट पाहणाऱ्या शिपायाने आरडाओरडा केला, तर म्हणाल्या, "रात्री माझा हात ठेवीन त्यावर, जा." त्या दिवसापासून प्रत्येक मूल त्या उजेडात जाई, आणि झोपलेल्या प्रत्येक मुलाच्या तळव्याला दर थोड्या वेळाने त्यांचं बोट लागे. बाया हसत, "दीदी तो बच्चों के पैर पूजती हैं." त्यांनी घरोघर जाऊन बायांना समजावलंही, पण मुन्नीचं नाव कधी घेतलं नाही.

लढाई संपली. रामकलीचा नवरा सुखरूप परत आला. पुढे एका सकाळी ती दारात उभी, कडेवर नवं तान्हं. मी तर दार लावूनच घेणार होते. तिने मूल ताईंच्या हातात दिलं आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, "दीदी, इसको हम कुछ नहीं चटाए." त्या दोघींमध्ये त्या गोष्टीचा उच्चार झाला तो एवढाच. ताईंनी त्याला उजेडात नेलं, खूप वेळ पाहिलं. त्या पोराला, रमेशला, त्यांनी झूलाघरात कधी धड झोपू दिलं नाही. डोळा लागला की बोट, पुन्हा रड. मोठा झाल्यावर तो दर दिवाळीला बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जिलबी घेऊन यायचा आणि भाच्या-सुनांसमोर तक्रार करायचा, "दीदी ने हमको बचपन में सोने ही नहीं दिया." ताई हसायच्या. मला ते हसणं बघवत नसे.

शेवटच्या भेटीत, पोरीचं रडणं थांबल्यावर, त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "शकू, तेव्हाच नाव कळवलं असतं तर... रामकलीची नोकरी गेली असती. पण पोरगी राहिली असती. नाही?" इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. हो म्हणायला मी कितीदा तरी तयार होऊन बसले होते. पण त्याऐवजी त्यांचं पांघरूण सारखं केलं. मी म्हटलं, "झोपा आता, ताई."

"हेच म्हटलं होतं मी पण," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी विजय नगरला पोचले तेव्हा त्यांना हॉलमध्ये निजवलं होतं. लोक येत होते, पायांवर डोकं टेकून बाजूला होत होते. रमेश आला. कानाजवळचे केस पिकलेले, हातात चष्मा. रामकली जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो पायांशी बसला, पण त्याने डोकं टेकवलं नाही. चादर किंचित सारली आणि ताईंच्या तळव्यावर बोट ठेवलं, हलकेच वर नेलं, जसं त्या करत तसं. मग हात तिथेच ठेवून तो थांबला. मीही श्वास धरून त्या पायाकडे पाहत राहिले.