शेजारच्या लेनमधला खड्डा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. तुम्हाला सांगते, आणि सांगताना आजही छाती धडधडते बघा! पळण्याच्या नुसत्या आठवणीनं पाय शिवशिवतात. राज्याची विजेती होते मी, थट्टा नाही! गावोगावी हारतुरे घेतले, नोकरीसुद्धा पळण्यावरच मिळाली. पण ती पहिली शर्यत — तिच्याबद्दल विचारलं, की मी विषय बदलते.

दुष्काळाचं साल. नगरच्या मैदानावर जिल्ह्याची शंभर मीटर. पहिली येईल तीच पुढच्या निवडीला पुण्याला जाणार. मी भिंगारची, वडील लष्कराच्या कचेरीत कारकून, पायात नवेकोरे खिळ्यांचे स्पाइक बूट. शेजारच्या लेनमध्ये पाथर्डीकडची कौसल्या — लुगडं वर खोचलेली, अनवाणी! दुष्काळी कामावर खडी फोडणारी पोरगी. आणि सरावात काय सुटली म्हणता, वारं नुसतं! मला तिथंच घाम फुटला.

तेव्हा ब्लॉक कुठले हो? पाय रोवायला ज्याचे त्यानं मातीत खड्डे खोदायचे. जमीन दगडासारखी. मी खुरप्याशी झटत होते, तर तीच आली.

"सरक. तुला न्हाई जमायचं, लई कडक हाय."

माझे दोन्ही खड्डे तिनं खोदले, ठोकून पक्के केले. मग स्वतःचे खोदले आणि पाणी प्यायला गेली.

आणि मी — सांगू ना? सांगतेच. बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं वाकले आणि तिच्या खड्ड्याची मागची कड खुरप्यानं सैल केली. वरून माती सारखी केली. भीती वाटली का? छे! जिंकायचंच होतं मला.

पिस्तूल वाजलं. तिचा पाय भसकन मागे गेला, ती हातांवर पडली. ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं — आणि काय पळाले मी त्या दिवशी! दोरी छातीला लागली तशी आनंदानं किंचाळलेच. खरा आनंद होता तो, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर कौसल्या कुठल्याच मैदानावर दिसली नाही. पण त्या दिवशी ती माझ्याकडे आली होती, सोललेले तळहात लुगड्याला पुसत.

"माझाच खड्डा कच्चा ऱ्हायला गं," म्हणाली. "तुझा मातर चांगला निघाला."

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हो गं. घाई केलीस तू."