उकंडाचा नियम आणि पुंडलिकरावांची मिशी

ढाणकीच्या बाजारात उकंडाचं सलून आहे. राजकारणावर वाद घालायला उकंडा एका पायावर तयार, पण खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाशी मात्र नाही. वस्तऱ्याखाली मान दिलेला माणूस मोकळेपणी उत्तर देऊ शकत नाही, मग तो वाद कसला?

हे विरोधी पक्षाच्या पुंडलिकरावांनी बरोबर हेरलं. यायचं, व्हॉट्सॲपवरची एखादी थाप ठोकायची, उकंडाच्या पक्षाला चोर म्हणायचं आणि त्यानं तोंड उघडायच्या आत खुर्चीत बसून "दाढी कर" म्हणायचं. उकंडा दातओठ खात फेस लावायचा, आणि दाढी झाली की पुंडलिकराव पसार.

"अबे, बोल न आता! थो जाते कुठी?" गिऱ्हाइकं म्हणायची.

"मले नाई जमत तसं!" उकंडा फणफणायचा.

निवडणूक आली तशा थापाही वाढल्या. एके दिवशी पुंडलिकराव सकाळी येऊन गेले आणि दुपारी पुन्हा हजर. उकंडानं त्यांच्या गालावरून हात फिरवला. "भाऊ, दाढी नाई उरली. उठा, आता बोलू."

"कटिंग कर!"

संध्याकाळी आणखी एक थाप. "टक्कल कर!"

रात्री सलून बंद व्हायच्या आत सगळ्यात मोठी थाप मारून पुंडलिकराव खुर्चीत बसले आणि आरशात बघतच राहिले. उरली होती फक्त मिशी. टकलासोबत मिशीही गेली, तर बाप वारला समजून अख्खी ढाणकी भेटायला आली असती. आणि बाप तर समोरच्या हॉटेलात भजी खात बसला होता.

"उठा भाऊ," उकंडा म्हणाला. "आता बोलाच लागते."

पुंडलिकरावांनी एकदा उकंडाकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"काढ मिशी," ते म्हणाले.