तांब्यातला गोळा

चुन्यावर आमच्या सासरेबुवांइतका जीव लावणारा माणूस महाड-पोलादपूरच्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये असं सासूबाईंचं मत होतं. कुणाकडेही गेले की यजमानांची खुशाली विचारण्याआधी ते त्यांची भिंत नखाने टोकरून बघत. लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या महाडच्या घराचं जोतं बघितलं आणि मुलगी दिली.

घाटावरून बैलांच्या पाठीवर ते कंकर, म्हणजे चुन्याचे खडे, आणवत, परसातल्या भट्टीत भाजत आणि वाळू घालून बैलाच्या घाण्यात दळवत. खाडीवरचा शिंपल्यांचा चुना पानाला लावावा, कंकराचा मात्र पाण्यात राहून दगड होतो, हे सांगताना त्यांचा आवाज देवळात उभं असल्यासारखा उतरे. खात्री करायला म्हणून त्या चुन्याचा सुपारीएवढा गोळा ते पाण्याच्या तांब्यात टाकून ठेवत, त्यामुळे घरातला कुठलाच तांब्या भरवशाचा नव्हता. दिवाळसणाला मी तहानेने एक तांब्या तोंडावर उलटा केला, तर गोळा दातांवर आपटला. सासरेबुवा धावत आले. "दात दुखला?" मी कशीबशी मान हलवली. "म्हंजे चुना धरला!" म्हणत त्यांनी आनंदाने माझी पाठ थोपटली. "जावयाचे दात तरी सोडा," सासूबाई आतून ओरडल्या.

त्यांच्या गावाबाहेर ओढ्यावर जुना दगडी पूल होता. त्याच्या मधल्या खांबाचा पाया पाण्याने पोखरला होता, आणि पूल गेला असता तर पावसाळाभर गाव अडकून पडलं असतं. मुंबईकर पुतण्याने सिमेंटचं नाव काढलं, तर "दगड म्हातारा हाय रे, त्याला असली जबर सोबत सोसायची नाय," म्हणून त्यांनी त्याला गप्प केलं. वैशाखात ओढ्याच्या पाण्यात उभं राहून त्यांनी आपल्या चुन्याने सांधा न सांधा स्वतः भरला.

त्याच श्रावणात माझी बायको बाळंतपणाला माहेरी होती आणि मीही तिला भेटायला आलो होतो. तिला कळा लागल्या, पण मूल आडवं. सुईणीने हात टेकले आणि पोलादपूरला दवाखान्यात न्यायला सांगितलं. ओढा कमानीला भिडला होता. डोलीवाले काठावरच थबकले. "पाण्याखाली पाया धरलाय का नाय, कोणी बघितलाय?" एकाने विचारलं. जन्मभर चुन्याची ग्वाही देणारे सासरेबुवा नुसते डोलीकडे बघू लागले. डोलीत त्यांची लेक होती.

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. "माझ्या तांब्यांत धरलाय, तिथं पण धरलाय. उचला रे!" म्हणाल्या आणि डोक्यावर इरलं घेऊन सरळ पुलावरून चालू लागल्या. त्यांच्यामागून सासरेबुवा, मग डोली, मग मी. खाली ओढा गरजत होता आणि पूल जराही हलला नाही. न दिसणाऱ्या त्या पायाला मी चालता चालताच हात जोडले.

मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. आता ती त्याच पुलावरून आजोळी धावत जाते. सासरेबुवा नाहीत. सासूबाईंचे तांबे मोकळे झाले, एक सोडून. त्यातला गोळा त्या कुणाला काढू देत नाहीत. रोज पाणी बदलतात, आणि कोणी बघत नाही असं वाटलं की हळूच नखाने टोकरून बघतात.